मास्तर झोपले का?

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजचाही पास! दादा डोळे चोळत गाडीतून उतरला, भली मोठी जांभई दिली, आणि अख्खं यार्ड ओरडलं — झोपले, मास्तर झोपले! नवा ड्रायव्हर चांगला ताडमाड उंच आहे, मिस्त्रीने आल्या आल्या त्याचं नाव 'उंट' ठेवलं. तो बिचारा लाजून मान खाली घालून उभा. मग सगळ्यांना चहा.

बाहेर कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. पण आमच्या ट्रान्सपोर्टमध्ये ड्रायव्हर घ्यायची शेवटची पायरी हीच. आधी माणूस माझ्या हातात येतो. लायसन्स खरं की खोटं, आधीच्या मालकांना फोन, डोळे, रक्तदाब, यार्डात रिव्हर्स घेता येते का, दारू किती, झोप किती — मी सगळं पिंजून काढते. मग भरलेली गाडी घेऊन त्याने घाटातून फिरून यायचं आणि दादाने सीटमागच्या झोपायच्या फळीवर आडवं व्हायचं. दादाला झोप लागली की माणूस पास. नाही लागली की नापास. नापासाला कुणी काही सांगावंही लागत नाही. दादा टक्क डोळ्यांनी उतरला की तो आपली बॅग उचलतो आणि फाटकाकडे चालायला लागतो.

दादाचं म्हणणं — "जन्मभर स्वतः गाडी हाकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या गाडीत झोप येत नाही. आली, म्हणजे तो माणूस लाख मोलाचा." आसपासच्या कंपन्यांतही या टेस्टचं कौतुक आहे. यार्डात त्याला दादा म्हणणारी मी एकटीच, सख्खी बहीण. बाकी सगळ्यांचे ते मास्तर.

मालक तर हवेत आहेत. काचेच्या बाटल्यांचं मोठं कंत्राट मिळालंय, नव्या गाड्या आल्यात, माणसं हवीत. आणि गेले काही महिने दादा झाडून सगळ्यांच्या गाडीत झोपतोय! मी म्हटलं, माझी निवड सुधारली असणार. स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

दुपारी ह्यांचा फोन. नवराही याच कंपनीत ड्रायव्हर, त्यामुळे निम्मा संसार फोनवर चालतो. पहिला प्रश्न — "मेहुणे झोपले का?" बायको कशी आहे ते मागाहून.

५ फेब्रुवारी, बुधवार

मालक म्हणतात, नव्यांच्या जोडीच्या ट्रिपा बंद करू. म्हणजे नव्याने पहिला महिना जुन्या माणसाबरोबर जायचं, ते बंद. "मास्तर झोपले ना? मग अजून काय हवं?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, बघू. मालकांचं 'बघू' म्हणजे झालंच ते!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

उंटाने आज जीवच घेतला असता.

सकाळी उंट रिव्हर्स घेत होता. मिस्त्री मागे उभा राहून हात दाखवत होता — ये, ये, बस, बस... बस! उंट काही थांबेना. मी ऑफिसच्या खिडकीतून पाहत होते. ओरडले, पण काचेआड माझा आवाज कोण ऐकतंय? मिस्त्रीने बाजूला उडी मारली. गाडी जाऊन डिझेलच्या टाकीभोवतीच्या भिंतीवर. भिंत गेली. टाकी राहिली म्हणून मी आज हे लिहितेय.

मिस्त्री जमिनीवर बसून स्वतःचे पाय चाचपत होता. दोन्ही आहेत याची खात्री करून घेत होता बहुतेक. नंतर म्हणाला, "मॅडम, याच्या गाडीत मास्तर झोपले? झोपले की बेशुद्ध पडले?" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

उंटाला विचारलं, आरसा बघितलास का? म्हणे बघितला. कुठला? गप्प! खोटं बोलायचीही अक्कल नाही. पण पोरगा मनाने वाईट नाही, त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

मग दादाला गाठलं. म्हटलं, मंगळवारी हा घाटात कसा चालवत होता? "मस्त. लोण्यासारखी." वळणावर? "तेही मस्त." ब्रेक? "अगं ठमे, झोपलो होतो म्हणजे मस्तच असणार ना!" एरवी दादा एकेका गियरवर तासभर बोलतो. क्लच कसा सोडतो, आरशात कितीदा बघतो, समोरच्याला वाट देताना चेहरा कसा करतो — सगळं. आज नुसतं मस्त आणि मस्त.

डोक्यात नको ते आलं. मालकांनी सांगितलंय का दादाला, की सगळ्यांना पास करून टाका? दादा असं करेल? माझा दादा?

८ फेब्रुवारी, शनिवार

विचारलं. तोंडावर विचारलं. "मालकांच्या सांगण्यावरून झोपतोस का रे?"

दादा नुसता बघत राहिला. मग उठून गेला. एवढ्या वर्षांत माझ्याशी न बोलता उठून जाण्याची पहिलीच वेळ.

संध्याकाळी दादाच्या घरी गेले, चूक झाली असेल तर कान धरावेत म्हणून. तो जेवता जेवता ताटावरच पेंगत होता. हात भातात, मान छातीवर. वहिनी म्हणाली, "आजकाल असंच. परवा न्हाव्याच्या खुर्चीत झोपले, त्याने अर्धी दाढी करून सोडून दिली." तिने हसत सांगितलं. पण हसताना नजर त्याच्यावरून काढली नाही.

मी तशीच परत आले. राग गेला नाही. उलट वाढला. म्हणजे बाईसाहेबांनी माफी मागायची, आणि भाऊसाहेब ताटावर झोपणार!

१० फेब्रुवारी, सोमवार

आज मी स्वतः गाडीत बसले. मालकांना म्हटलं, शेजारच्या सीटवर मी, मागे मास्तर. ते कुरकुरले, पण नाही म्हणायला कारण सापडेना.

नवा माणूस बडबड्या. आधीच्या कंपनीत आपल्याला सगळे कसे मानायचे, याचं पुराण फाटकातून निघाल्यापासून सुरू. बोलताना माझ्याकडे बघतो. मी म्हटलं, "अहो, रस्ता समोर आहे, माझ्या तोंडावर नाही." तर हसतो! वळणावर इतक्या जोरात वळवली की माझा खांदा दारावर आपटला. मनात म्हटलं, झालं, आता मागून दादाचा आवाज येणार. नाही आला. बरं, ब्रेक तरी? उतारावर पुढे बस थांबलेली. मला दिसली. ह्या शहाण्याला गोष्ट संपवायची होती. शेवटच्या क्षणाला ब्रेकवर उभाच राहिला तो. माझं कपाळ समोर आपटलं. पाण्याची बाटली उडून काचेवर. मागे बाटल्यांचे क्रेट असे वाजले की अख्खं लग्नघर भांडी घेऊन जिन्यावरून पडलं म्हणावं.

मी मागे वळले. म्हटलं, आता दादा याची सालटी काढणार.

दादा झोपलेला होता.

अर्धा फळीवरून खाली घसरलेला. एक पाय लोंबकळतोय. तोंड उघडं. घोरत होता. आणि मी बघतेय तोवर घोरणं थांबलं. मला वाटलं, जागा झाला. नाही. छाती हलत होती, पोट हलत होतं, पण श्वास काही येत नव्हता. मी हाक मारली, दादा! काही नाही. पुन्हा हाक मारली. मग एकदम बुडणारा माणूस वर यावा तसा आवाज काढून त्याने श्वास घेतला, आणि परत घोरायला लागला. डोळा उघडलाच नाही.

बडबड्या मान वळवून बघत होता. चेहरा उजळलेला. "मॅडम, मास्तर झोपले! झालो ना मी पास?"

मी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली. फोन करून दुसरा माणूस बोलावला. यार्डात दादा डोळे चोळत उतरला, सगळे ओरडले, चहा आला. दादा म्हणाला, "मस्त चालवतो. लोण्यासारखी."

माझ्या कपाळावर टेंगूळ आहे. त्याने ते बघितलंही नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दादा कुणाच्या सांगण्यावरून झोपत नाही. दादा आजारी आहे! आणि मी त्याला काय काय बोलून बसले. शरम वाटते.

पण शरमेपेक्षा भीती मोठी आहे. या काही महिन्यांत घेतलेला एकेक माणूस डोळ्यांसमोरून जातोय. घाटात गाडी कशी चालवतो ते त्यांच्यापैकी कुणाचंही कुणीच बघितलेलं नाही. कागद मी बघितले, डोळे डॉक्टरने बघितले, आणि चालवणं? चालवणं एका झोपलेल्या माणसाने बघितलं. ती सगळी माणसं आत्ता रस्त्यावर आहेत, भरलेल्या गाड्या घेऊन, तुमच्याआमच्या पोरांच्या शेजारून चालली आहेत.

येणाऱ्या प्रत्येकाचा रक्तदाब तपासतो आम्ही. जो तपासतो त्याला कोण तपासणार, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. मास्तरच ते!

दुपारी वहिनीकडे गेले. घाटातलं सांगितलं. ती आधी भांडी विसळत राहिली. मग हात तसेच ओले ठेवून खाली बसली. "श्वास थांबतो गं त्यांचा. मी हलवते, मग घेतात. मला आता झोपच नाही. मी ऐकत पडून असते." मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "बोलले. त्यांनी सांगितलं, झोपेवरच तर आपलं घर चाललंय."

आणि मग माझा हात धरून — "त्या फळीवरून उतरवू नकोस त्यांना. दुसरं काय येतं त्यांना?"

मी कबूल काहीच केलं नाही. नुसती बसून राहिले तिच्याजवळ.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दादाला सांगितलं. ऑफिसात, दार लावून.

जे व्हायचं तेच झालं. "तू मला शिकवणार? ब्रेक कुठला आणि क्लच कुठला हे तुला माहीत होतं का? या खुर्चीत तुला कुणी बसवलं?" त्यानेच बसवलं. खरंच आहे. मालकांकडे माझ्यासाठी शब्द त्यानेच टाकला होता. मी म्हटलं, बसवलंस म्हणूनच बोलतेय. तर म्हणाला, "कर चहाड्या. मालकांची लाडकी हो."

दार असं आपटलं की काच निखळली.

खूप रडले. एवढी मोठी बाई, ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मग तोंड धुतलं. ठरलं. भाऊ परत मिळवता येईल. घाटात गेलेला माणूस नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मला वाटलं, माणूस आहे बुवा!

मग म्हणाले, "मास्तरांना चांगल्या डॉक्टरकडे नेऊ. आपलाच माणूस आहे. पण हे इथेच ठेवायचं. गाड्या थांबणार नाहीत."

मी म्हटलं, टेस्ट परत घ्यायला हवी, या महिन्यांत घेतलेल्या सगळ्यांची.

"कंत्राट जाईल."

"माणूस जाईल!"

"अजून गेलाय का कुणी?"

मला काय झालं कुणास ठाऊक. टेबलावर हात आपटला मी. म्हटलं, जायची वाट बघायची का? तेव्हा त्यांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा वाईट बोलतात. "बाई, तुमची खुर्ची रिकामी करायला मला वेळ लागणार नाही."

म्हटलं, "करा ना. मग मी मोकळी. आणि मोकळ्या माणसाला बाटल्यांच्या कंपनीत फोन करायला भरपूर वेळ असतो."

हे माझ्याच तोंडून निघालं! त्यांनी चष्मा घातला. म्हणाले, रिकाम्या गाड्या आधी बोलवा. भरलेल्या उतरल्या की मग.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर फोन. "काय झालं मॅडम? माझी काय चूक?" तुझी काही नाही रे बाबा, ये फक्त. एक जण रडायलाच लागला, बायको बाळंत व्हायची आहे म्हणे, नोकरी काढू नका. एक म्हणाला, मास्तर झोपले होते, साक्षीदार आहेत! कप्पाळ माझं.

सगळ्यांशी बोलणं झालं. उंट सोडून. उंटाचा फोन बंद.

मी गुपचूप जोडीच्या ट्रिपा चालू ठेवल्या होत्या. आज कळलं, मालकांनी त्याला एकट्यालाच पाठवलंय, माझ्या पाठीमागे. भरलेली गाडी, घाटाचा रस्ता, आणि आरसा कुठला ते माहीत नसलेला माणूस!

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी परत फोन. बंद. घाटाच्या पायथ्याच्या पेट्रोलपंपावर विचारलं, तिथे आला नाही. जिथे माल उतरवायचा तिथे विचारलं, तिथेही पोचला नाही. मिस्त्री माझ्या दारात येऊन उभा. चहा आला, गार झाला, परत आला. माझ्या डोळ्यांपुढे नुसती वळणं.

दादा यार्डात बाकावर बसून होता. मला वाटलं, झोपलाय. जागा होता. आत आला, म्हणाला, "कुठल्या रस्त्याने पाठवलाय?" सांगितलं. "मोठ्या वळणाच्या आधी गाड्या थंड करायची जागा आहे. तिथल्या टायरवाल्याला विचार." बुधवारनंतर तो पहिल्यांदा बोलत होता. त्यानेच नंबर लावून दिला.

टायरवाला म्हणाला, उंच माणूस ना? हा काय, समोर बसलाय.

उंट फोनवर आला. मी अशी ओरडले की बाहेरचे लोक आत बघायला आले. फोन का बंद रे? तर म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगितलं ना, चालवताना फोन नाही. म्हणून बॅगेत तळाशी ठेवलाय, बंद करून." एवढा वेळ का लागला? "ब्रेकला वास येत होता. तुम्हीच सांगितलं ना, वास आला की थांबायचं. थांबलो. तो जाईपर्यंत थांबलो."

मी खुर्चीत बसले आणि हसत सुटले. मिस्त्रीही हसला. दादा हसला नाही. हळूच म्हणाला, "मला हे माहीतच नव्हतं, की हा थांबणारा आहे. मला त्याच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं."

आणलंच त्याला परत, जुना माणूस पाठवून.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

वहिनीने मैदान मारलं! दादा डॉक्टरकडे जायला तयार नव्हता, तर तिने फोनमध्ये त्याचं घोरणं भरून ठेवलं आणि काल त्याला ऐकवलं. घोरणं, मग काहीच नाही, मग काहीच नाही, मग ते बुडणाऱ्या माणसासारखं. ती सांगत होती — दादा ऐकता ऐकता स्वतःच श्वास धरून बसला. शेवटी म्हणाला, "बंद कर. चल."

डॉक्टरीणबाई कडक आहेत. अंगाला वायरी लावून झोपवलं त्याला दवाखान्यात. झोपेत गळा मिटतो, श्वास अडतो, मेंदूला धड झोप मिळतच नाही, म्हणून दिवसा कुठेही डोळा लागतो. त्यांनी विचारलं, "गाडी चालवता?" दादा म्हणाला, नाही. "ते बरं. चालवू नका." झोपताना नाकावर लावायचं मशीन दिलंय. त्यातून हवा येत राहते. पोरं म्हणतात, बाबा हत्ती दिसतात.

बाकीच्यांच्या टेस्टसाठी बसवाले काका आणलेत. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस, आमच्या कंपनीशी देणंघेणं नाही. मी शेजारी बसते. काका डोळे उघडे ठेवतात आणि तोंड बंद. दोघांना घरी पाठवावं लागलं, बडबड्या तर कधीच गेला. उंटाला रिव्हर्स परत शिकवणार. बाकी पास झाले. खरोखरचे!

मालक माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत. गाड्या चालल्यात ना!

२० फेब्रुवारी, गुरुवार

दादा आला. तोंड बघून ओळखूच येईना, डोळ्यांखालचं काळं गेलंय. दोन रात्री सलग झोपलो म्हणाला, पोरं लहान असल्यापासून असा झोपलो नव्हतो. मी खुशीत येऊन म्हटलं, आता परत मास्तर हो! जागं राहून घे टेस्ट.

तो बसला नाही. खिडकीशी उभा राहिला, पाठ माझ्याकडे.

"ठमे, हे काही महिन्यांचं नाही."

मला कळेना.

"मी रस्ता का सोडला, माहीत आहे? पाठ दुखायची म्हणून नाही. एकदा भर दुपारी जाग आली तर गाडी शेतात उभी. इंजिन चालू. रस्ता कधी सुटला, कुठून उतरलो, काही पत्ता नाही. पुढे विहीर होती. कुणाला काही झालं नाही. कुणाला सांगितलंही नाही. मालकांना म्हटलं, पाठ गेली, मला नव्या पोरांच्या टेस्ट घ्यायला ठेवा."

मी समोरचं रजिस्टर मिटून बाजूला सारलं.

"पहिल्याच टेस्टला बसलो आणि डोळा लागला. उतरलो तर मालक समोर. कसा चालवतो, विचारलं. काय सांगणार? मी बघितलंच नव्हतं. तोंडात आलं ते बोललो — इतका चांगला चालवतो की झोप लागली मला. मालक हसले, सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सगळे विचारायला लागले, मास्तर झोपले का? मला आयतंच मिळालं. मग ते सुटेना."

"पण नापास करायचास ना तू?"

"जो इतके आचके द्यायचा की माझी झोप मोडायची, तो नापास. अलीकडे कशानेच मोडत नव्हती."

लाख मोलाचा! कौतुक! आजूबाजूच्या कंपन्यांत नाव! मला एवढा राग आला की हातातलं पेन फेकलं त्याच्या पाठीवर. लागलं त्याला. वळला नाही. मग रडायला आलं. स्वतः रस्ता सोडला त्याने, तेवढी भीती होती त्याला, तेवढी सद्बुद्धी होती. आणि दुसऱ्यांना मात्र डोळे मिटून सोडत राहिला. हा माझा दादा. दोन्ही तोच.

म्हणजे काही महिन्यांचे नाहीत. सगळेच. जुनेजाणते, ज्यांच्या शेजारी आम्ही नव्यांना शिकायला बसवतो तेही. कुणाचीच टेस्ट कधी झाली नाही.

विचारलं, पहिला कोण होता?

"तुझा नवरा. घरचा माणूस आहे, चांगलाच असणार म्हटलं."

२२ फेब्रुवारी, शनिवार

हे आले ट्रिपवरून. बूट काढायच्या आत सांगून टाकलं — जुन्यांची टेस्ट सुरू होतेय, आणि सुरुवात तुमच्यापासून. माझ्याच घरापासून केली नाही तर दुसऱ्यांना कुठल्या तोंडाने बोलावू?

"मला? माझी टेस्ट?" आवाज शेजारपर्यंत. "एक ओरखडा नाही माझ्या गाडीवर इतक्या वर्षांत! आणि तू, बायको, मला..." मग बूट पुन्हा घालायला लागले. कुठे जाणार, तेच कळेना, म्हणून परत काढले.

जेवायला बसले तेव्हा म्हणाले, "घरात रोज देतोच की टेस्ट. तिथे तरी पास कधी केलंस?" मी म्हटलं, तिथे जोडीची ट्रिप अजून चालू आहे. हसले. मला माहीत होतं हसणार. स्वभाव सोन्यासारखा आहे यांचा.

दादाचं सगळं सांगितलं. शेताचं, विहिरीचं. उठून हात धुऊन आले. मग म्हणाले, "टेस्ट देईन, पण तुझ्या त्या बसवाल्या काकांना नाही. मेहुण्यांना देईन. त्यांनी मागे बसायचं, जागं. एकदा बघू देत मी कसा चालवतो ते."

दादाला फोन केला. आधी म्हणाला, "मी?" मग — "येतो."

सोमवारी सकाळी ठरलंय. आज डॉक्टरकडे नेऊन आणलं ह्यांना, सगळ्यांना नेते तसंच. रक्तदाब उत्तम. डोळ्यांची तपासणी तेवढी सरळ समोर बघून, तक्त्यावरची शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली, आणि माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

हे घाट सुरेख उतरले. दादा मागे ताठ बसून होता, दोनदा 'वा!' म्हणाला. परत येताना चौकात माझ्या बाजूने मोटरसायकल आली. मागे पोर बसलेलं. मला दिसली, दादाला दिसली. हे सरळ चालवत राहिले. दादा ओरडला — ब्रेक! ह्यांनी दाबला. एवढ्याशा अंतराने वाचली. मोटरसायकलवाला शिव्या घालत निघून गेला.

गाडी कडेला लागली. मी म्हटलं, मोटरसायकल एवढी जवळ येईपर्यंत ब्रेक का नाही दाबलात?

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मागे दादाकडे. थट्टा करताना करतात तसा चेहरा नव्हता.

"कुठली मोटरसायकल?"